पुदिन्याचं विरजण

दाणी मॅडम टोपलीवरचं ओलं पोतं बाजूला करायच्या आणि डोळ्यांनी बघण्याआधी तोंडच आत घालायच्या. नाक पानांना टेकेपर्यंत वाकायच्या, डोळे मिटायच्या आणि श्वास आत ओढायच्या. इतका की खांदे कानापर्यंत वर यायचे. आपण तान्ह्या लेकराच्या टाळूचा वास घेतो, तसा. फक्त त्या टोपलीत लेकरू नव्हतं. चिरून आंबायला घातलेला पुदिना होता आणि त्यावर काळी बुरशी धरलेली होती.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी दोन पावलं मागे सरले. मी म्हटलं, "मॅडम, थे सारं नाकात जाते ना वो."

त्या वर न बघता म्हणाल्या, "जाऊ द्या. नाकाशिवाय मला दुसरं घड्याळ नाही."

आमच्या वस्तीत त्यांच्याबद्दल अजून काहीबाही बोलतात. कोणी म्हणतं बाई करणी करायची, कोणी म्हणतं डोक्यावर परिणाम झाला होता. दोन्ही खोटं आहे. जे मी पाहिलं ते सांगते.

नागपूरला पारडीच्या बाजारात मी भाजी विकते. कोथिंबीर, मेथी, पालक, पुदिना. पहाटे कॉटन मार्केटातून माल आणायचा, दिवसभर पाणी शिंपडत बसायचं आणि उरला तो गाईपुढे टाकायचा. एक दिवस उन्हं उतरल्यावर एक उंच, वाळकी बाई माझ्यासमोर उभी राहिली. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, चष्म्याची दोरी गळ्यात. वय माझ्यापेक्षा थोडं कमी असेल. तिने पुदिन्याची जुडी उचलली, वास घेतला आणि परत ठेवली.

"आजचा नको. कालचा आहे का?"

"कालचा कोण ठेवते बाप्पा? गाईले टाकला."

"सगळा?"

"मंग काय देवाले वाहू?"

ती हसली. म्हणाली, "उद्यापासून गाईला देऊ नका. मला द्या. कोमेजलेला, पिवळा पडलेला, तुटका, सगळा."

ती गेल्यावर शेजारची टमाटेवाली म्हणाली, "हाटेलवाली असन वं. सडकं खाऊ घालत असन लोकाइले." मला तसं वाटलं नाही. हॉटेलवाले भाव करतात. हिने केला नव्हता.

त्या कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवायच्या. नुकत्याच रिटायर झाल्या होत्या. लग्न केलं नव्हतं, धरमपेठेत एकट्या राहायच्या. मेट्रोने यायच्या आणि पुढे ई-रिक्षाने. महिनाभर माझा पुदिना नेल्यावर त्यांनी जागा विचारली. त्यांच्या फ्लॅटच्या सोसायटीने तक्रार केली होती. त्यांना जागा हवी होती ती कशी, तर अंधारी, ओलसर आणि वारा न लागणारी. अशी जागा मागणारं माणूस मी जन्मात पाहिलं नव्हतं. आणि नेमकी तशीच जागा माझ्याकडे होती. घरामागे म्हशीचा गोठा होता. म्हैस विकून बरेच दिवस झाले होते. टिनाचं छप्पर, विटांच्या भिंती, एक बारकी खिडकी. मॅडमनी आत पाऊल टाकलं, भिंतीला तळहात लावला, तो ओला झाला. त्यांचा चेहरा असा उजळला की जणू मी बंगलाच दाखवला.

"यमुनाबाई, ही जागा देवाने माझ्यासाठी ठेवली आहे."

"म्हशीसाठी ठेवली होती," मी म्हटलं.

काम काय होतं ते मला समजेल तसं सांगते, कारण त्यांनी मला तसंच सांगितलं होतं. पुदिन्याच्या पानात तेल असतं. डेगीत पान आणि पाणी घालून उकळलं की वाफेबरोबर तेल निघतं. वाफ नळीतून थंड पाण्याच्या पिंपातून नेली की तिचं पाणी होतं आणि तेल त्याच्यावर तरंगतं. हे सगळ्यांना माहीत आहे. पण पान सगळं तेल सोडत नाही. बरंच आतच धरून ठेवतं. मॅडम म्हणायच्या, "पान फार कंजूस असतं. त्याच्या घराच्या भिंती जाड असतात. आपण उकळतो तेव्हा दारातून जेवढं बाहेर येईल तेवढंच मिळतं. बुरशीला भिंत खाता येते. आधी बुरशीला भिंत खाऊ द्यायची, मग उकळायचं."

त्यासाठी त्या भात शिजवून परातीत पसरायच्या आणि त्यावर बुरशी वाढवायच्या. चार-पाच दिवसांत पांढऱ्या भातावर काजळ सांडल्यासारखं व्हायचं. ती काळी पूड पाण्यात कालवून चिरलेल्या पुदिन्यावर शिंपडायची, पानं टोपलीत भरायची, वरून ओलं पोतं. मी त्याला विरजण म्हणायचे. त्यांना ते इतकं आवडलं की त्याही तेच म्हणायला लागल्या. "यमुनाबाई, आज विरजण छान लागलंय."

पण दह्याला वेळ चुकली तर दही आंबट होतं, एवढंच. इथे तसं नव्हतं. बुरशी भिंत खाऊन झाली की तेलाला तोंड लावते. दोन-तीन तास इकडेतिकडे झाले तर होतं ते तेलही जायचं. ती वेळ कधी येते ते कोणी सांगू शकत नव्हतं. थंडीत उशिरा, दमटपणात लवकर, जून पानाला वेगळी, कोवळ्या पानाला वेगळी. मॅडमना ती वासावरून कळायची. त्या म्हणायच्या, "आधी गवताचा वास येतो. मग ओल्या मातीचा. मग एकदम सगळं गप्प होतं, वासच येत नाही. आणि त्यानंतर पुदिना असा उसळतो की डोळ्यांत पाणी येतं. तेव्हा काढायचं. भिंत पाडायची, घर नाही."

तर असं ते घड्याळ होतं. दिवसातून कितीतरी वेळा प्रत्येक टोपलीत नाक घालायचं. पुदिन्यानं नाक बधिर होतं, म्हणून पुढच्या टोपलीत आणखी खोल ओढायचं.

गोठ्याच्या खिडकीत दोन बाटल्या शेजारी शेजारी ठेवलेल्या असायच्या. एकीत नुसत्या पानाचं तेल, दुसरीत विरजण लावलेल्या तेवढ्याच पानाचं. दुसरीतला थर जाड असायचा. माझ्यासारखीलाही दिसायचा. तो दाखवताना मॅडम बोलायच्या नाहीत. नुसतं बोट लावायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. एकदा म्हणाल्या, "सगळी नोकरी मी पोरांना पानाचं चित्र काढायला लावलं. शिरा दाखवा, देठ दाखवा, नावं लिहा. पान उघडून कधी पाहिलंच नाही हो."

उन्हाळा आला. नागपूरचा उन्हाळा म्हणजे मे महिन्यात टिनाखाली उभं राहवत नाही. बुरशी वाळायला लागली. मॅडमनी कुलर आणला, नवा, मोठा, वाळ्याच्या ताट्यांचा. तो गोठ्याला लावला. भर दुपारी आम्ही ओल्या चादरी टाकून फरशीवर तळमळायचो आणि मागे कुलर घरघरत असायचा. माझी सून शीतल म्हणाली, "आई, माणसाइले कुलर नाई आणि बुरशीले हाये." ती खोटं बोलत नव्हती.

त्याच उन्हाळ्यात घरात फरक पडायला लागला. सकाळी केलेल्या भाकरीवर दुसऱ्या दिवशी काळे ठिपके दिसू लागले. उन्हाळ्यात! वर्षाच्या कुरडया डब्यात भरल्या होत्या, झाकण उघडलं तर आतून केस उगवल्यासारख्या. स्वयंपाकघराची भिंत गोठ्याला लागून आहे. तिच्यावर कोपऱ्यात एक काळा डाग आला. मी खरवडला, चुना लावला. आठवड्यात चुन्यातून परत वर आला. शीतल पोटुशी होती. तिने तो डाग पाहिला आणि त्या दिवसापासून त्या खोलीत ती जेवली नाही.

मी गोठ्यात गेले. म्हटलं, "मॅडम, तुमचं विरजण माह्या घरात लागून राहिलं."

त्यांनी भिंत बघितली. घाबरतील, माफी मागतील असं वाटलं होतं. त्या जवळ गेल्या, डागाला नाक लावलं आणि म्हणाल्या, "हीच आहे. आपलीच." आवाजात कौतुक होतं.

"आपली नाई. तुमची," मी म्हटलं. "पोरगी गरवार हाये घरात. काही करा, नाई तं टोपल्या उचला."

मग त्या भानावर आल्या. मधल्या भिंतीला त्यांनी दोन हात सिमेंट मारून घेतलं, गोठ्याला बाहेरून दार पाडलं, आणि शीतलला तिच्या माहेरी पाठवण्याचा खर्च मला न विचारता केला. वाईट बाई नव्हती. तिला फक्त त्या टोपल्यांपलीकडचं काही दिसत नव्हतं. शीतल काटोलला माहेरी गेली, तिथेच बाळंत झाली. मुलगी धडधाकट आहे. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर ऐकणाऱ्याचा जीव त्या पोरीत अडकायचा. विपरीत झालं ते तिचं नाही.

पावसाळा संपत आला तेव्हा मॅडमना खोकला लागला.

खोकल्याची मला ओळख आहे. माझा नवरा मिलमध्ये होता, टीबीनं गेला. कोरडा खोकला, धुळीचा खोकला, दम्याचा खोकला आणि तो खोकला, हे मला दाराआडून ऐकून कळतं. मॅडमचा खोकला त्या शेवटच्या जातीचा होता, पण पूर्ण तसाही नव्हता. खोलवरून यायचा, आणि तिथे काहीतरी हलतंय असं वाटायचं. घुंगरू बांधल्यासारखं.

मी विचारलं, "तुम्हाले कधी टीबी झाला होता का वो?"

त्या टोपलीवरून ताडकन उभ्या राहिल्या. "काहीतरीच काय! आमच्या घरात असलं कोणाला नव्हतं कधी."

इतक्या जोरात म्हणाल्या की मी ओळखलं. नसतं तर इतकं जोरात कोणी म्हणत नाही.

सदर भागातल्या एका डॉक्टरने दमा सांगितला. तोंडात मारायचा पंप दिला, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी चेहरा गोल झाला, गाल वर आले, अंगात जोर आला. मॅडम म्हणायच्या, "बघा, किती बरं वाटतंय. चार टोपल्या वाढवते." पुढे मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरणीने सांगितलं की त्या गोळ्या माणसाला बरं वाटवतात, पण त्याचं अंग लढायचं थांबतं. बुरशीला दुसरं काय पाहिजे होतं?

जोर असण्याचं आणखी एक कारण होतं. इतवारीत एक म्हातारे अत्तरवाले आहेत, त्यांना सगळे बडे मियाँ म्हणतात. मॅडम त्यांच्याकडे तेलाची बाटली घेऊन गेल्या होत्या. मी सोबत होते. त्यांनी कागदाच्या पट्टीवर थेंब सोडला आणि पट्टी नाकापुढून फिरवली. मग म्हणाले, "बहनजी, तेल अच्छा है। पर एक बार तो किसी से भी बन जाता है। यही ख़ुशबू तीन बार लाओ, तो मानूँ।"

मॅडमना तेल विकायचं नव्हतं. त्यांना कोणीतरी 'मानलं' म्हणायला हवं होतं. कॉलेजात त्यांचं कोणी मानलं नव्हतं, हे मला त्या दिवशी समजलं. परत येताना त्या मेट्रोत खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तीन वेळा. बस, तीन वेळा." दुसरी बाटली त्या दिवाळीनंतर देऊन आल्या. बडे मियाँनी नुसती मान हलवली. एक उरली.

मग एका सकाळी गोठ्यातून खोकल्याचा आवाज आला आणि एकदम थांबला. मी गेले. मॅडम टोपलीला धरून बसल्या होत्या. हिरव्या पानांवर लाल पडलं होतं. पुष्कळ. आणि त्या काय करत होत्या तर ती लाल पानं वेचून वेगळी काढत होत्या. मला म्हणाल्या, "ही टोपली बिघडली. बाकीच्या ठीक आहेत."

मी हाताला धरून उठवलं. माझा मुलगा गजू घरी होता, त्याला म्हटलं, "ऑटो आण गा, लवकर." मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे एक तरुण डॉक्टरीण होती, झोप न झालेली पण लक्ष देणारी. तिने नेमकं विचारलं, "आधी कधी टीबी झाला होता? औषधं घेतली होती?"

मॅडम म्हणाल्या, "नाही."

मी म्हटलं, "झाला होता."

मॅडमनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना भर बाजारात उघडं पाडलं. "यमुनाबाई, तुमचा काय संबंध? तुम्ही बाहेर बसा."

"बाहेर बसते. पण झाला होता, डॉक्टर. माह्या नवऱ्याले होता, मले समजते. आणि ह्या बुरशीचं काम करतात, दिवसभर नाकात घेतात. थे बी लिहून घ्या, ह्या नाई सांगणार."

डॉक्टरणीचा पेन थांबला. तिने विचारलं, "कोणती बुरशी?" आता मॅडमना बोलावंच लागलं. त्यांनी बुरशीचं लांबलचक नाव सांगितलं. डॉक्टरीण खुर्चीत सरळ बसली.

मशीनमध्ये छातीचा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरणीने तो उजेडापुढे धरून आम्हा दोघींना दाखवला. उजव्या बाजूला वर एक पोकळी होती, जुनी. टीबी बरा होताना फुप्फुसाला पडलेलं भोक. आणि त्या भोकात एक गोळा बसला होता, लिंबाएवढा. डॉक्टरीण म्हणाली, "हा मांसाचा नाही. बुरशीचा आहे. ही जागा रिकामी होती, अंधारी, ओलसर, हवा फारशी न खेळणारी. बुरशी तिथे जाऊन वाढली. आता ती आजूबाजूच्या शिरा खातेय. म्हणून रक्त येतं."

तिने गोठा पाहिला नव्हता. पण तिने गोठ्याचंच वर्णन केलं. मी मॅडमकडे बघितलं नाही.

मॅडम फोटोच्या जवळ गेल्या. चष्मा वर केला. बराच वेळ बघत राहिल्या. मग हळू म्हणाल्या, "चांगली वाढली आहे." थोड्या वेळाने म्हणाल्या, "मी काही शिंपडलं नव्हतं हो तिथे."

डॉक्टरीण म्हणाली, ऑपरेशन करून तेवढा भाग काढावा लागेल. त्याआधी अंगात ताकद यायला हवी, म्हणून दोन-तीन आठवडे औषध. त्या जुन्या गोळ्या हळूहळू बंद. आणि बुरशीच्या जागेत पाय ठेवायचा नाही. "एक बार भी नहीं, मॅडम. एखादी मोठी शीर फुटली तर माझ्या हातात काही राहणार नाही." मग जरा चिडूनच म्हणाली, "टीबीचं आधी सांगितलं असतं तर हे काही महिन्यांपूर्वीच कळलं असतं."

वॉर्डात मॅडम दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मी डबा ठेवायचे आणि बसायचे. तिसऱ्या दिवशी वरणात भात कालवता कालवता त्या आपणच बोलल्या. विसाव्या वर्षी झाला होता. वडिलांनी त्यांना वर्ध्याला मावशीकडे ठेवलं, मागच्या खोलीत. ताट वेगळं, भांडं वेगळं, खिडकी बंद, शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून. इथे लोकांना सांगितलं की मुलगी शिकायला गेली. औषध पूर्ण झालं, बऱ्या झाल्या, पण घरात त्या आजाराला नावच नव्हतं. आई म्हणायची, 'ते दिवस.' लग्नाचं बघायला लागले तेव्हा वडिलांनी देवासमोर शपथ घालून सांगितलं की हे कोणालाच सांगायचं नाही, डॉक्टरलासुद्धा नाही. डॉक्टरच्या तोंडून बाहेर जातं.

"मग लग्न काहून नाई केलं?"

"खोकला आला की मला वाटायचं, तो विचारेल. जो कोणी असेल तो. विचारलं तर मी काय सांगू?"

"आणि आईबाप गेल्यावर? मंग तं सांगता आलं असतं."

त्यांनी घास खाली ठेवला. "सवय झाली होती हो यमुनाबाई. नाही म्हणायची."

माझ्या नवऱ्याचा टीबी अख्ख्या चाळीला माहीत होता. आमच्याकडे लपवायला मागची खोली नव्हती.

दवाखान्यातून सोडलं तेव्हा ऑपरेशनची तारीख मिळाली होती. मी गोठ्याला कुलूप घातलं. मला वाटलं, संपलं. पण आत सहा टोपल्या होत्या. रक्त येण्याच्या आदल्या दिवशी चिरलेल्या पानांच्या नव्हेत, त्या मी केव्हाच फेकल्या होत्या. ह्या नव्या होत्या. मॅडमनी वॉर्डातून फोन करून गजूकडून पुदिना आणवला होता, परातीतली काळी पूड कशी कालवायची ते त्याला फोनवर सांगितलं होतं. मला कळलं तेव्हा विरजण लागून झालं होतं. गजूला मी जे बोलायचं ते बोलले. तो म्हणाला, "रडून राहिली होती वं ते. काय करू?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ई-रिक्षा दारात थांबली. मॅडम उतरल्या. तोंडाला मास्क, हातात काठी. अंगणातल्या कडुनिंबाखाली बाज होती, तिच्यावर बसल्या. धाप ओसरल्यावर हात पुढे केला.

"किल्ली द्या."

"नाई देत."

"यमुनाबाई, तिसरी आहे ही."

"ऑपरेशन करा, मंग तिसरी करा. चौथी करा, दहावी करा. कोण अडवते?"

"सांगितलं ना त्यांनी, ऑपरेशननंतर या कामाला हात लावायचा नाही. कधीच नाही. आता झालं तर झालं." मग त्या थोड्या नरमल्या. "मी आत जात नाही. तुम्ही जा. मी इथूनच विचारते."

हे मला पटलं. मी पदर ओला करून नाकातोंडाला बांधला, कुलूप काढलं, आत गेले. कुलर बंद होता तरी आत घुं घुं असा आवाज आहे असं वाटत होतं. भिंती खालपासून वरपर्यंत काळ्या झाल्या होत्या. मी पहिल्या टोपलीचं पोतं उचललं.

बाहेरून आवाज आला, "पदर काढा. नाहीतर काय कळणार? कसला वास येतो?"

मी पदर खाली केला. "पुदिन्याचा."

"तो नाही. त्याच्या मागचा."

"मागचा काहीच नाई येत."

"म्हणजे गप्प झालंय? की मातीचा आहे? नीट घ्या."

मी नीट घेतला. मला पुदिना आला, ओलं पोतं आलं आणि म्हशीचा जुना वास आला. त्यातलं काय गप्प होतं आणि काय मातीचं होतं, मला समजेना. मी जन्मभर भाजी विकली. भाजी ताजी का शिळी, एवढंच माझ्या नाकाला येतं.

"मले नाई समजत मॅडम," मी म्हटलं.

मागे काठीचा आवाज झाला. मी वळेपर्यंत त्या दारात होत्या. मी आडवी झाले. त्यांनी माझ्या दंडाला हात लावला, जोरात नाही, आणि बाजूला केलं. मास्क हनुवटीखाली ओढला. पहिल्या टोपलीवर वाकल्या, नाक टेकलं, डोळे मिटले आणि श्वास ओढला. खांदे वर आले. मग दुसरी टोपली. मग तिसरी. सहाही. मी उभी होते. ओढून बाहेर काढता आलं असतं, त्यांच्यात जोर नव्हता. पण त्यांचा चेहरा मी पाहिला होता. माणूस प्रार्थना करत असताना त्याला कोणी ओढत नाही.

शेवटच्या टोपलीवरून त्या सरळ झाल्या. "गप्प आहे अजून," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी उसळेल. उन्हं अंगणात आली की डेग लावायची. त्याआधी नाही, त्यानंतरही नाही."

मग खोकला आला. एकदाच. पुढचं सांगत नाही. दवाखान्यात पोचेपर्यंत त्या होत्या, नंतर नव्हत्या. डॉक्टरणीने मला विचारलं, "आत गेल्या होत्या?" मी म्हटलं, "हो." तिने कागदावर वेळ लिहिली.

रडले का, असं शीतलने नंतर विचारलं. नाही रडले. काम होतं. पुण्याहून त्यांचा भाऊ सकाळी येणार होता, तोवर शव दवाखान्यातच. मी घरी आले, पडून राहिले, उठले. उन्हं अंगणात आली तेव्हा ओला पदर बांधला आणि सहाही टोपल्या डेगीत रिकाम्या केल्या. पोतं उचललं तेव्हा पदराच्या आडूनही डोळ्यांत पाणी आलं. त्या म्हणाल्या होत्या तसंच. उसळला होता. जाळ लावला. नळीतून थेंब पडायला लागले, पाण्यावर थर धरायला लागला. धरतच राहिला. खिडकीतल्या दोन्ही बाटल्यांपेक्षा जाड.

मग घाटावर गेले.

तेराव्यानंतर टोपल्या, पोती, पराती अंगणात जाळल्या. गोठ्याला चुना मारला. पंधरा दिवसांनी चुन्यातून काळं वर आलं. परत मारला. परत आलं. आता मारत नाही. दाराला कुलूप आहे, आणि किल्ली मी विहिरीत टाकली.

तिसरी बाटली घेऊन एकटीच इतवारीला गेले. बडे मियाँनी मला ओळखलं. जुन्या दोन बाटल्या त्यांनी कपाटात जपून ठेवल्या होत्या. तीन पट्ट्या काढल्या, तीन थेंब सोडले. एक नाकापुढून फिरवली, दुसरी, तिसरी, परत पहिली. मग हात जोडल्यासारखे पट्ट्या धरून म्हणाले, "तीनों एक हैं। मान गया। बहनजी को बोलो, मान गया।"

"गेल्या त्या," मी म्हटलं.

त्यांनी पहिल्या दोन पट्ट्या खाली ठेवल्या. बाहेर हातगाड्यांचा गलका चालला होता. मग त्यांनी विचारलं, "फिर से बनेगा, अम्मा?"

"बुरशी हाये अजून. गोठाभर हाये. नाक नाई राहिलं."

त्यांनी मान हलवली. तिसरी पट्टी त्यांच्या बोटांत तशीच होती. ती माझ्यापुढे धरून ते म्हणाले, "देखो तो सही, क्या चीज़ बनाई उन्होंने। लो, सूँघो।"

मी तोंड फिरवलं, पदर नाकाशी धरला आणि दुकानाची पायरी उतरले.